आमच्याकडे कामगार नाहीत

३ जून

ती. ताईस,

नमस्कार. आईच्या हुकमाप्रमाणे हे पत्र. फोनवर फक्त तब्येत आणि हवापाणी, वाद घालायचा तर कागदावर, असा तिने गेल्या भांडणानंतर नियम केला तो मी पाळतोय. ती तुझ्याकडे राहते म्हणून तुझी बाजू घेते, हे मी तोंडी सांगणार होतो, पण ते आता राहिलंच.

आज वाद नाही, काम आहे. सरकार किमान वेतन वाढवणार आहे. थोडंथोडकं नाही, आहे त्याच्या चौथ्या हिश्श्याने. पुढच्या महिन्यात वेतन समिती आमच्या गावात जाहीर सुनावणी घेणार, आणि मालकांच्या बाजूने बोलायला बेकरी संघटनेने मला निवडलंय. अध्यक्षांचा घसा बसलाय, चिटणिसांना चारचौघांत घाम फुटतो. राहिलो मी, उपाध्यक्ष. आवाज दणदणीत, पण बोलायचं काय ते तू लिहून द्यायचंस. शाळेत माझी सगळी भाषणं तूच लिहिलीस. ‘माझा आवडता प्राणी’ला मला तिसरं बक्षीस मिळालं होतं, आठवतंय ना?

मुख्य मुद्दा मी काढलाय. ‘आमच्याकडे कामगार नाहीत, आमच्याकडे कुटुंब आहे!’ हे वाक्य सुरुवातीला टाक आणि शेवटी पुन्हा टाक. यात खोटं काही नाही. भट्टीवरच्या माणसाला मी मामा म्हणतो. पाकिटं भरणाऱ्या बाईंना मावशी म्हणतो. पीठ मळणाऱ्याला पैलवान म्हणतो, तेही लाडाने, कारण तो फुंकर मारली तर उडेल असा आहे. आता तूच सांग, कुटुंबात कोणी कधी पगारवाढ मागतं का?

आणि हेही लिही की आमच्या समोर रस्त्यापलीकडे पाव-बिस्किटांचं काचेचं मोठं दुकान उघडलंय. वाढ दिली म्हणून मी पाव महाग केला, तर गिऱ्हाईक रस्ता ओलांडणार. नाही केला, तर सगळं माझ्या खिशातून जाणार. हे रडगाणं नाही ताई, खरंच जातं.

तुझा भाऊ
(पाकिटावर फुग्या लिहू नकोस. पोस्टमन हसतो.)

ता. क. – वन्सं, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. कुटुंबात कोणी पगार मागत नाही, हे ह्यांचं अगदी खरं आहे. मी सोळा वर्षं गल्ल्यावर बसते, मला चांगलं माहीत आहे. – तुमची भावजय.


८ जून

चि. फुग्यास आशीर्वाद. (पाकिटावर नाही लिहिलं. आत लिहिणारच.)

तू विसरलास बहुतेक, मी काय काम करते ते. हॉटेलच्या कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालते. तू ज्या किमान वेतनावर गर्जना करणार आहेस, तेच वेतन मला मिळतं. माझ्या खाली पगाराची पायरी नाही, फरशी आहे. आणि त्या फरशीविरुद्धचं भाषण तू माझ्याकडूनच लिहून घेणार! आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून गप्प बसते.

दातांवरून आठवलं. वाढ झाली तर मी आधी आईची कवळी करणार आहे. तिचे वरचे बरेचसे गेले, खालचे जायच्या बेतात आहेत. फोनवर ती तुला ‘तब्येत ठणठणीत’ म्हणून सांगते, कारण तिच्या मते दात तब्येतीत मोडत नाहीत. तू एवढ्या कौतुकाने पाठवतोस ते कडक टोस्ट ती शेजारणीला देते आणि तुला ‘खुसखुशीत होते हो’ म्हणते.

तुझं ते कुटुंबाचं वाक्य मला नवीन नाही. गेल्या वर्षी आम्ही पगारवाढ मागितली, तेव्हा मॅनेजरने आम्हा सगळ्यांना जिन्याखाली बोलावलं, केक कापला आणि प्रत्येकीच्या हातात एकेक मग दिला. मगावर छापलेलं, ‘आपण एक कुटुंब’. माझ्या मगाचा कान दुसऱ्याच आठवड्यात निखळला. हल्ली आई त्यात चमचे ठेवते.

तरी भाषण लिहीन. तू माझा एकुलता एक भाऊ आणि तुझ्या खिशाचं दुखणं मला कळतं. पण एक अट आहे. समिती तुझ्या माणसांनाही विचारणार. आपण कुटुंबात आहोत ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली आहे का? आधी त्यांना नीट बसवून सांग. मग मी लेखणी उचलते.

आई म्हणते, ‘तो धाकटा. कुटुंब चालवताना कोणाचं काय होतं हे त्याला कधी दिसलंच नाही, तो जेवायलाच यायचा.’ मी फक्त उतरवून घेतलं.

तुझी
ताई


१३ जून

ती. ताईस,

तुझी अट पूर्ण! काल काम संपल्यावर सगळ्यांना मळायच्या टेबलाभोवती बसवलं आणि मोकळ्या मनाने सांगितलं, की मी तुमचा मालक नाही, आपण एक कुटुंब आहोत, हे घर तुमचंच आहे. मामा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. पैलवानाने टाळ्या वाजवल्या. मावशींच्या तर डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. खरं सांगतो, मलाही भरून आलं. आपण चांगली माणसं आहोत ताई, सरकारला ते कळत नाही.

आता भाषण पाठव.

तुझा भाऊ

ता. क. – वन्सं, मावशींच्या डोळ्यात मैदा गेला होता. मी डोळा धुऊन दिला. नंतर तिघंही मला विचारत होते, ‘कुटुंब म्हणजे आता आम्ही नक्की काय करायचं?’ मी म्हटलं, वन्संना विचारून सांगते. तर सांगा.


२० जून

ताई,

नमस्कार नंतर. तू ह्या लोकांना काय लिहून पाठवलंस?

सोमवारी सकाळी मी बेकरीत शिरलो. मामांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, ‘पोट किती सुटलंय तुझं! आणि हा शर्ट? ह्या वयाला?’ चौदा वर्षं ‘मालक, मालक’ करणारा माणूस, ताई. मी आवाज चढवला तर म्हणाले, ‘मोठ्यांशी असं बोलतात?’ आता त्यांना मामा मीच केलेलं. काय बोलणार?

मंगळवारी स्कूटर जागेवर नव्हती. पैलवान तासाभराने उगवला. ‘घरचीच तर गाडी,’ म्हणाला. पेट्रोलचा काटा तळाला. बुधवारी तो आलाच उशिरा, पीठ मळायचं राहिलं, म्हणून विचारलं तर गाल फुगवून कोपऱ्यात जाऊन बसला. जेवायलाही उठेना. शेवटी मी त्याची समजूत काढली. मी! आणि पीठही मीच मळलं.

मावशींचं तर विचारू नकोस. रोज दुपारी वर घरात येतात, भांडी उघडून बघतात आणि मीठ कमी आहे म्हणतात. मुलीचं प्रगतिपुस्तक मागून घेतलं. गणिताचे गुण बघितले आणि ‘बापावर गेली’ म्हणून पुन्हा माझ्याच हातात दिलं.

कळस परवा झाला. नवी भट्टी घ्यायची का, यावर घरच्यांची बैठक बसली. बोलावली मामांनी. मी म्हटलं, परवडत नाही. मग हात वर करायला सांगितले. घ्यायची, या बाजूला चार हात. चौथा हात तुझ्या भावजयीचा!

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कामगार होते तेव्हा कामाला येत होते आणि काम झालं की घरी जात होते. किती बरं होतं ते.

भाषण अजून आलं नाही. आता घाई कर.

फुग्या
(बघ, हातून निघून गेलं.)

ता. क. – वन्सं, तुमच्या पोस्टकार्डाबद्दल सगळ्यांकडून धन्यवाद. एक बातमी ह्यांना अजून ठाऊक नाही. समोरच्या काचेच्या दुकानाने दारावर चिकटवलंय, ‘काउंटरसाठी अनुभवी बाई पाहिजे. सरकारी दराने पगार, आठवड्याची सुट्टी.’ मी सहज विचारून आले. अनुभव किती, म्हणाले. सोळा वर्षं म्हटल्यावर साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. माझ्यासाठी कोणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही.


२४ जून

चि. फुग्यास,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. हसून हसून तिला ठसका लागला आणि उरलेल्या दातांपैकी एक हलला, तो तुझ्या खाती.

पोस्टकार्डावर मी एकच ओळ लिहिली होती. ‘कुटुंब म्हटलंय ना, मग कुटुंबासारखं वागा.’ मीठ, स्कूटर, प्रगतिपुस्तक हे सगळं त्यांचं त्यांनी शोधलं. म्हणजे बघ, तुझी माणसं किती हुशार आहेत.

आता चेष्टा पुरे. तुझ्या पत्राखाली चार ओळी आहेत. त्या तू वाचल्या नसशील, कारण पत्र लिहिलं की तू बायकोच्या हातात देऊन मोकळा होतोस. म्हणून मी सांगते. समोरच्या दुकानात काउंटरला बाई हवी आहे आणि तुझी बायको विचारून आली आहे. तिने हे तुझ्यापासून लपवलेलं नाही. तुझ्याच पत्रावर, तुझ्याच सहीखाली लिहिलंय.

मला या वेळी तिच्याबद्दल वाईट वाटलं, आणि तुझा रागही आला. मामाला पगार आहे, मावशीला आहे, पैलवानाला आहे. ज्या एकीला नाही, ती खरोखरची कुटुंबातली. आता तिच्याशी बोल. भाषण राहू दे बाजूला.

ताई


६ जुलै

ती. ताईस,

ती गेली. म्हणजे घर सोडून नाही, गल्ला सोडून. पहिल्या तारखेपासून समोर जाते.

मी बोललो गं. पण कसं बोललो ते ऐक. मी म्हटलं, ‘लोक काय म्हणतील? बेकरीवाल्याची बायको दुसऱ्याच्या काउंटरवर?’ ती म्हणाली, ‘लोक म्हणतील, तिला पगार मिळतो.’ मी म्हटलं, ‘अगं, सगळं तुझंच तर आहे.’ तर ती म्हणाली, ‘मग माझ्यातलं थोडं महिन्याच्या महिन्याला माझ्या हातात द्याल का?’ मी म्हटलं, ‘कशासाठी? काय हवं ते माग ना.’ तिने टोपी डोक्यावर चढवली आणि रस्ता ओलांडला. त्यांच्याकडे हिरवी टोपी असते. तिला शोभते, हे मला फार लागलं.

आता गल्ल्यावर मी. मला वाटायचं, तिथे बसायचं असतं. तिथे बसायला वेळच मिळत नाही. कोणाला पाव कापून लागतो, कोणाला अख्खा, कोणाचा हिशेब महिन्याचा, कोणाला साखरेचं बिस्किट द्यायचं नाही कारण डॉक्टरांनी बंद केलंय आणि घरचे आपल्याला सांगून गेलेत, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. ते डोकं आता समोर काचेमागे आहे. शिंपीकाकांना मी साखरेची बिस्किटं दिली. त्यांची सून भांडून गेली. शाळेच्या मुख्याध्यापिका रोज विचारतात, ‘वहिनी कुठे?’ मी बोटाने दाखवतो. मग त्या तिकडे जातात.

काल दुपारी ती आली. मला वाटलं, परत आली. ती काउंटरसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘एक मोठा पाव. कालचा नको.’ पैसे मोजून दिले, सुटे मागून घेतले. मामा भट्टीवरून ओरडले, ‘सूनबाईंना गरम दे रे!’ मी गरम दिला. हात भाजला.

आणि काल तिची सुट्टी होती, म्हणूनच दुपारी आली होती. सकाळी उठल्यावर ती बराच वेळ खिडकीत नुसती बसून होती. मग मला विचारलं, ‘सुट्टीच्या दिवशी काय करतात हो?’ सोळा वर्षांत पहिली सुट्टी, ताई. मी पाणी प्यायला आत गेलो.

सुनावणी पंधरा तारखेला आहे. संघटनेचे लोक रोज विचारतात, भाषण झालं का. आता तूच काय ते कर.

फुग्या

ता. क. – आज हे लिहायला कोणी नाही, म्हणून मीच लिहितोय. पत्र पेटीत टाकायलाही मीच जाणार. पेटी कुठे आहे ते पैलवानाला विचारलं.


१० जुलै

चि. फुग्या,

भाषण लिहिलं नाही, लिहिणारही नाही. शाळेत मी लिहून द्यायचे आणि अर्धं झाल्यावर तू विसरायचास. मग आवडत्या प्राण्याबद्दल मनाने बोलायचास. तिसरं बक्षीस त्या मनाने बोललेल्या भागाला मिळालं होतं, माझ्या भागाला नाही.

आईकडून आशीर्वाद. ‘शर्टाची बटणं नीट लाव म्हणावं,’ एवढंच म्हणाली.

ताई


१९ जुलै

ती. ताईस, ती. आईस,

सुनावणी झाली. उपाध्यक्षपद गेलं. ऐका.

नगरपालिकेचं सभागृह गच्च भरलं होतं. समितीचे तीन सभासद वर. एका बाजूला आम्ही मालक, दुसऱ्या बाजूला कामगार, त्यात पुढच्याच बाकावर मामा, मावशी, पैलवान. मी उभा राहिलो, छाती फुगवली आणि सुरू केलं, ‘आमच्याकडे कामगार नाहीत, आमच्याकडे कुटुंब आहे!’ मालकांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबायच्या आत मामा उठले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘बटण चुकलंय तुझं. वरचं खालच्या काजात गेलंय.’

सगळे हसायला लागले. समितीच्या बाईंनी विचारलं, ‘हे कोण?’

मी म्हटलं, ‘आमचे मामा.’

‘सख्खे?’

‘नाही. भट्टीवर आहेत.’

तिथे जे हसू फुटलं, त्यात मी पुढचं सगळं विसरलो. विसरण्यासारखं लिहिलेलंही काही नव्हतं. मग बटण सोडून नीट लावलं आणि झालं ते सांगत सुटलो. म्हटलं, ‘बाई, ह्या माणसांना मी महिनाभरापूर्वी कुटुंब केलं. त्या महिन्यात माझी स्कूटर गेली, जेवण गेलं, नवी भट्टी माझ्या डोक्यावर बसली आणि मला घरात कोणी विचारेना. हिशेब केला तर सरकारची वाढ परवडली असती.’ आमच्या अध्यक्षांनी बसलेल्या घशाने मला खाली बसायची खूण केली. मी बसलो नाही. आता म्हणत होतो ते पुरं करायचं होतं.

मी म्हटलं, ‘वाढ दिली तर मला त्रास होणार आहे. पाव महाग करावा लागेल. निम्मी गिऱ्हाइकं समोर गेली तर मी काय करीन मला माहीत नाही, आणि हे मी घाबरूनच सांगतोय. पण कुटुंब आहे म्हणून देणार नाही, असं आता माझ्याने म्हणवत नाही. माझ्याकडे खरोखर कुटुंबातली एकच होती. तिला मी सोळा वर्षं काही दिलं नाही. जिथे देतात तिथे ती गेली. यांनाही नाही दिलं तर हेही जातील, आणि त्यांचं बरोबर असेल.’ मग मला एक शंका आली, ती विचारून टाकली. ‘बाई, बायकोला पगारावर ठेवायला कायद्याची हरकत आहे का?’

बाईंनी दोन्ही बाजूंच्या सभासदांकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘हरकत नाही. पण ती तयार होईल का, ते आमच्या कक्षेत येत नाही.’

तिथून मी सरळ काचेच्या दुकानात गेलो. रांग होती. रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर हिरव्या टोपीतून आवाज आला, ‘काय देऊ?’ मी म्हटलं, ‘परत ये.’ ती म्हणाली, ‘ते इथे मिळत नाही. दारावर जाहिरात लावा, मी अर्ज करीन. मागे लोक थांबलेत, बाजूला व्हा.’

लावली जाहिरात. अर्ज आला. मुलाखत बेकरीतच घेतली, म्हणजे तिने माझी घेतली. सुट्टी कोणत्या वारी? पगार कोणत्या तारखेला? अनुभवाचं जास्त काय देणार? मावशी मध्येच म्हणाल्या, ‘काचवाल्यापेक्षा वर द्यायला हवं.’ मामांनी मान हलवली. मी कबूल केलं. येत्या एक तारखेपासून ती येणार आहे.

वाढीचा निर्णय समितीने अजून सांगितलेला नाही. मी माझ्यापुरती पुढच्या महिन्यापासून देणार आहे, सगळ्यांना. पाव थोडा महाग केलाय. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने आमच्याकडून घ्यायचं बंद केलं, ते लागलं. पुढे जमेल की नाही कोण जाणे. मामा आता पुन्हा ‘मालक’ म्हणतात. पण काल जाता जाता शर्टाबद्दल बोललेच.

आईला या वेळी टोस्ट पाठवत नाही. मऊ केक पाठवतोय. शेजारणीला देऊ नये.

तुझा
फुग्या

ता. क. – वन्सं, पत्र पुन्हा माझ्याकडे आलंय. काचेच्या दुकानात पंधरवड्याच्या पगाराचं पाकीट पहिल्यांदा हातात आलं, तेव्हा मी ते उघडलंच नाही, नुसतं पर्समध्ये घेऊन दोन दिवस फिरले. आता उघडलंय. आईंच्या कवळीची वरची पंगत माझ्याकडून, खालची ह्यांच्याकडून. तुमचा पगार वाढला की तुम्ही त्या पैशांची स्वतःसाठी चप्पल घ्या. रात्री कवळी ठेवायला तुमचा तो बिनकानाचा मग चालेल.

आज माझी सुट्टी आहे. हे ह्यांच्या लक्षात होतं, म्हणून पत्र टाकायला स्वतः निघाले होते. मीच ओढून घेतलं. सुट्टीच्या दिवशी काय करतात ते मला सापडलंय. वाटेल त्याला फुकट लिहितात.